नवजात बाळांच्या कक्षात डोळ्यांची साथ शिरते कशी, आणि दोष कुणाच्या माथी येतो?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाच्या बाहेर, बाकावर एका आजीजवळ बसले होते. तिची नात दिवस भरायच्या बरीच आधी जन्मलेली, वजन जेमतेम सव्वा किलो. सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आजी, उद्या डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत. बाळाचे डोळे तपासायचेत. सुनेला सकाळी लवकर तयार राहायला सांगा." आजी घाबरली. "एवढ्याशा जिवाचे डोळे कशाला उघडून बघता, बाई? गावात आधीच सगळ्यांचे डोळे आलेत." तेवढ्यात आतून दुसरं कुणीतरी बाहेरच्या बायांवर ओरडलं, "बाहेरची घाण तुम्हीच आत आणता, आणि मग बाळं आजारी पडतात!" आजी गप्प झाली. पदर आवरला आणि बाकाच्या अगदी टोकाला जाऊन बसली.

ते सरकून बसणं आपल्यापैकी अनेकांनी आपल्या आजी-पणजीच्या तोंडून ऐकलेलं आहे. म्हणून हा लेख लिहायचं ठरवलं. आजीची भीती पूर्ण चुकीची नव्हती आणि ओरडणाऱ्या व्यक्तीचं बोलणं पूर्ण बरोबर नव्हतं. रुग्णालयात रुग्णांच्या मदतीला धावणाऱ्या आपल्या तरुण कार्यकर्त्यांना या दोन्हींतला फरक नीट माहीत असायला हवा.

आधी डोळे तपासायचे कशासाठी ते पाहू. मुदतपूर्व बाळाच्या डोळ्यातला पडदा, म्हणजे रेटिना, जन्माच्या वेळी पूर्ण वाढलेला नसतो. जन्मानंतर, विशेषतः जास्त ऑक्सिजन द्यावा लागला असेल तर, त्याच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू लागतात. या आजाराला रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी किंवा थोडक्यात आरओपी म्हणतात. वेळेत सापडला तर लेझरने किंवा इंजेक्शनने डोळा वाचतो. नाही सापडला तर मूल कायमचं आंधळं होऊ शकतं, आणि वरून डोळा अगदी नेहमीसारखा दिसत असतो. म्हणून आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत झालीच पाहिजे. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच.

ही तपासणी रुग्णालयाने केली तर केली अशी नाही, तो बाळाचा हक्क आहे. १९९६ साली चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात २९ आठवड्यांची, १२५० ग्रॅमची एक मुलगी जन्मली. तिची ही तपासणी कुणी केली नाही, पालकांना सांगितलंही नाही. तिची दृष्टी गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे १ कोटी ८० लाख रुपये भरपाई मंजूर केली. भरपाई मिळाली, डोळे परत आले नाहीत. त्यामुळे कुणी घाबरून "नको ती तपासणी" म्हणत असेल, तर आधी हे सांगा.

आता आजीच्या भीतीकडे येऊ.

फिलाडेल्फियात काय घडलं

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातलं मुलांचं रुग्णालय जगातल्या नावाजलेल्या बाल रुग्णालयांपैकी एक. पैशाची, यंत्रांची, तज्ज्ञांची तिथे कमी नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या नवजात अतिदक्षता विभागात बाळं एकामागून एक आजारी पडू लागली. विषाणू होता अ‍ॅडिनोव्हायरस, मोठ्या माणसाला सर्दी, घसादुखी आणि डोळे येणं देणारा. एकूण २३ बाळांना लागण झाली. रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण पथकाने शोध घेतला तेव्हा एक धागा सगळ्यांमध्ये समान निघाला. या तेवीसच्या तेवीस बाळांची काही दिवसांपूर्वी डोळ्यांची तपासणी झाली होती. तीच, आरओपीची.

डोळे तपासायला डॉक्टर डोक्यावर एक दिव्याचं उपकरण बांधतात आणि हातात एक भिंग धरतात. हे भिंग बाळाच्या डोळ्याला लागत नाही, थोडं वर धरलेलं असतं. म्हणून ते स्वच्छच आहे असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना ते पुसण्याचा ठरलेला नियम नव्हता आणि हातमोजेही फारसे घातले जात नव्हते. शोध घेणाऱ्यांना अ‍ॅडिनोव्हायरस नेमका त्या भिंगांवर आणि डोक्यावरच्या उपकरणांवर सापडला. डॉक्टरांची बोटं बाळाच्या पापणीला लागतात, तीच बोटं भिंग फिरवतात, कपाळावरचा दिवा सरकवतात, आणि मग पुढच्या बाळाच्या पापणीला लागतात. विषाणूला एवढी वाट पुरते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या २३ बाळांपैकी डोळ्यांची लक्षणं फक्त ११ जणांना दिसली. श्वासाचा त्रास मात्र सगळ्यांना झाला आणि पाच जणांना न्यूमोनिया झाला. म्हणजे डोळ्याच्या वाटेने आत शिरलेला विषाणू छातीत उतरला. आपण "डोळे आलेत, आठ दिवसांत जातील" म्हणतो ते मोठ्या माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा खरं असतं. ज्याची फुप्फुसं अजून तयार झालेली नाहीत त्या किलोभराच्या बाळाला हा हिशेब लागू होत नाही. सहा कर्मचारी आणि तीन पालकांनाही लागण झाली. पुढे लागण झालेल्या एका बाळाच्या मृत्यूनंतर त्याचे पालक न्यायालयात गेले.

तिथल्या रुग्णालयाचं एक मात्र मानलं पाहिजे. त्यांनी आपली चूक संसर्ग नियंत्रणाच्या परिषदेत मांडली आणि प्रसिद्ध केली. त्यामुळेच आज जगभरचे डोळ्यांचे डॉक्टर भिंगाकडे वेगळ्या नजरेनं बघतात. आईवडिलांवर बोट दाखवून मोकळं होणं त्यांनाही जमलं असतं. पालकांना लागण झालेली होतीच की.

विषाणू एवढा चिवट का

करोनाच्या काळात आपण सगळे सॅनिटायझरच्या बाटल्या खिशात घेऊन फिरायला शिकलो. करोनाच्या विषाणूभोवती चरबीचं वेष्टण असतं, ते अल्कोहोलने आणि साबणाने विरघळतं आणि विषाणू निकामी होतो. अ‍ॅडिनोव्हायरसला ते वेष्टणच नाही. त्याचं बाहेरचं कवच प्रथिनांचं आणि टणक असतं. म्हणून अल्कोहोलचा बोळा फिरवून तो जाईलच याचा भरवसा नसतो. प्लॅस्टिक आणि धातूच्या कोरड्या पृष्ठभागावर तो कित्येक आठवडे तग धरतो. सोमवारी तपासणी झाली, भिंग डबीत ठेवलं, पुढच्या सोमवारी काढलं, तरी तो तिथे असू शकतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला दोन दिवस ते दोन आठवडे लागतात. म्हणजे पहिलं बाळ आजारी पडेपर्यंत तेच भिंग आणखी एक-दोन फेऱ्या करून आलेलं असतं.

त्याच्यावर चालतं ते क्लोरीन. पाच टक्क्यांच्या आसपासचं सोडियम हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी नऊ भाग असं द्रावण करून त्यात पाच ते दहा मिनिटं ठेवायचं. द्रावण रोजच्या रोज ताजं करायचं, कारण उजेडात आणि उष्णतेत त्याचा जोर उतरतो. प्रत्येक भिंगाला हे चालेलच असं नाही, काहींना दुसरं जंतुनाशक लागतं, ते भिंग बनवणाऱ्या कंपनीच्या पत्रकात लिहिलेलं असतं. नंतर स्वच्छ पाण्याने नीट धुवायचं, नाहीतर उरलेलं रसायनच डोळ्याला इजा करेल. पापणी उघडी धरायची तार आणि बुबुळ फिरवायचं छोटं अवजार ही तर थेट डोळ्याला लागतात. ती प्रत्येक बाळासाठी वेगळी आणि निर्जंतुक केलेलीच हवीत. दहा बाळं तपासायची असतील तर दहा संच. हा खर्चाचा प्रश्न आहे आणि तो डॉक्टरांचा नाही, खरेदी करणाऱ्या प्रशासनाचा आहे.

बाहुली मोठी करायच्या थेंबांचंही तसंच. एकच बाटली सगळ्या बाळांना, आणि घाईत तिचं टोक एखाद्या पापणीला टेकलं की पुढच्या प्रत्येक थेंबासोबत विषाणू जातो.

आपल्या देशात आता दुर्गम भागासाठी कॅमेऱ्याने डोळ्याचा फोटो काढून तो दूरच्या तज्ज्ञाला पाठवायची पद्धत आली आहे. कर्नाटकात २००८ पासून हा प्रयोग चालू आहे, प्रशिक्षित तंत्रज्ञ जिल्ह्या-जिल्ह्यांत जाऊन फोटो घेतात. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांचा विचार केला तर फार मोलाची गोष्ट. पण या कामातल्या नेहमीच्या कॅमेऱ्याचं टोक जेल लावून थेट बुबुळावर टेकवावं लागतं, आणि ते एकाच दिवशी दोन-तीन रुग्णालयांत फिरतं. सोय जितकी फिरती, तितकी सफाई कडक हवी.

याच जातीच्या विषाणूची जुनी हकिकत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ नंतर, हवाई बेटांवरच्या आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोद्यांमध्ये जहाजं बांधणाऱ्या कामगारांचे डोळे मोठ्या संख्येने आले. आजाराला नावच "शिपयार्ड आय" पडलं. डोळ्यात धातूचा कण गेला की कामगार कारखान्याच्या दवाखान्यात कण काढायला जायचे, आणि साथ त्या दवाखान्यातूनच पसरत होती. त्याहून मागे जायचं तर १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने दाखवून दिलं होतं की डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणं करतात त्या वॉर्डात, सुइणींच्या वॉर्डापेक्षा जास्त बाया मरतात, कारण डॉक्टर शवविच्छेदन करून त्याच हातांनी येतात. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू घटले. मोठ्या डॉक्टरांना राग आला. सभ्य माणसाचे हात अस्वच्छ कसे असतील, हा त्यांचा प्रश्न होता.

विटाळ आणि संसर्ग

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. ज्या समाजव्यवस्थेत कुणाचा हात शुद्ध आणि कुणाचा अशुद्ध हे जन्माने ठरत आलं, तिथे रुग्णालयातही संशयाचं बोट आपोआप खाली जातं. बाहेर बसलेल्या आईकडे, झाडू मारणाऱ्या मावशीकडे, वस्तीतून आलेल्या नातेवाइकांकडे. विटाळाची कल्पना माणूस बघते. संसर्गाचं शास्त्र स्पर्शाची साखळी बघतं: कोणता हात, कोणती वस्तू, मधे काय धुतलं गेलं. ती साखळी प्रामाणिकपणे शोधली तर ती फिलाडेल्फियासारखी तज्ज्ञ डॉक्टरांच्या भिंगापर्यंतही जाऊ शकते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण आपल्यातले काही कार्यकर्ते इथे चुकतात. "हातमोजे घातल्याशिवाय बाळाला हात लावू नका" असं सिस्टर म्हणाल्या की काहींना त्यात अस्पृश्यता दिसते आणि वाद सुरू होतो. नियम सगळ्यांना सारखा असेल, डॉक्टरांनाही आणि आईलाही, तर त्यात अपमान नाही. आईला अडवलं आणि डॉक्टर मात्र हात न धुता आत गेले, तर तिथे जरूर बोला.

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकिकत आहे. पोट बिघडलेला तो भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, कारण तो कुणाच्या उपयोगी पडला नव्हता. भगवान बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं, दोघांनी उचलून मंचकावर ठेवलं. विहारात ही गोष्ट आपण करुणेची म्हणून ऐकतो. तिथेच पुढे रुग्णाची सेवा करणारा कसा असावा हेही सांगितलं आहे, ते सहसा सांगितलं जात नाही. त्याला मलमूत्राची, उलटीची किळस नसावी, आणि रुग्णाला काय हितकर, काय अहितकर हेही त्याला कळत असावं. नवजात शिशू कक्षात या दोन्ही गोष्टी रोज लागतात.

लाल डोळ्यांनी कामावर

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती, आळंदीची बातमी सगळ्यांनी वाचली असेल. अशा दिवसांत रुग्णालयातले कर्मचारीही त्याच गर्दीतून, त्याच एसटीतून येतात. ज्याचे डोळे आलेत त्या कर्मचाऱ्याने नवजात कक्षात जायचं नाही, साधारण १४ दिवसांपर्यंत बाळांपासून लांब राहायचं, असं संसर्ग नियंत्रण सांगतं. कायम नोकरीतल्या सिस्टरला रजा आहे. ठेक्यावरच्या कक्षसेविकेचं काय? ती आली नाही तर दिवसाची मजुरी जाते, चार दिवस आली नाही तर मुकादम दुसरी बाई उभी करतो. मग ती काळा चष्मा लावून येते, कुणाला सांगत नाही. तिला दोष देऊन काय मिळणार? तिच्या रजेचा पगार हा त्या आतल्या बाळाच्या फुप्फुसाचा प्रश्न आहे, असं मी मुद्दाम लिहिते आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगारांच्या आरोग्य विम्याच्या योजनेसाठी अडारकर समितीचं काम त्याच काळात झालं आणि त्यातून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा आला. आज दरमहा २१ हजारांपर्यंत पगार असलेला, ईएसआय योजनेत नोंदलेला कामगार आजारी पडला तर त्याला मजुरीच्या ७० टक्के रक्कम, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत, मिळू शकते. अट अशी की ठेकेदाराने वर्गणी भरलेली हवी आणि तिचे ठराविक दिवस भरलेले हवेत. पहिले दोन दिवस त्यात धरले जात नाहीत, ही त्यातली खोच आहे. आपल्या वस्तीतल्या किती मावशींना आपला ईएसआय क्रमांक माहीत आहे, हे एकदा विचारून बघा. कामाला सुरुवात तिथूनही करता येते.

कार्यकर्त्यांनी काय विचारायचं

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. त्यानंतर "फायर ऑडिट" हा शब्द आपल्या प्रत्येकाच्या तोंडी आला, निवेदनं गेली, आंदोलनं झाली. संसर्गाची आग दिसत नाही, धूर निघत नाही, त्यामुळे निवेदनही जात नाही.

रुग्णालयात संसर्ग नियंत्रण समिती असते. तिची शेवटची बैठक कधी झाली, हे माहिती अधिकारात विचारता येतं. आरओपी तपासणीसाठी अवजारांचे किती संच आहेत, भिंग कशाने आणि किती वेळ निर्जंतुक करतात, त्याची लेखी पद्धत आहे का, हेही विचारता येतं. जिल्हा रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती आहे आणि तिच्याकडे निधी असतो, त्यातून अवजारांचे जादा संच घेण्याची मागणी करता येते. कायाकल्प योजनेत रुग्णालयाला गुण मिळतात त्यात संसर्ग नियंत्रणाचेही गुण आहेत, म्हणून प्रशासनालाही या प्रश्नांत रस असतो. अर्ज करताना भाषा भांडणाची नको. आतल्या सिस्टर बहुतेक वेळा हेच मागत असतात आणि त्यांचं कुणी ऐकत नसतं. तुमचा अर्ज त्यांना हत्यार म्हणून उपयोगी पडतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

कुटुंबांना सांगायच्या गोष्टी वेगळ्या. घरात कुणाचे डोळे आले असतील तर त्या माणसाने भेटायला जायचं नाही. आईचेच आले असतील तर लपवू नका, सिस्टरला सांगा. दूध काढून देता येतं, ते थांबवायची गरज नाही. बाळाच्या डोळ्यात काजळ, मध किंवा आईच्या दुधाचे थेंब घालायचे नाहीत, आजीने कितीही सांगितलं तरी. तपासणीनंतरच्या दोन आठवड्यांत बाळाचे डोळे लाल दिसले, पापण्या सुजल्या, चिकट पाणी आलं, किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, श्वास जोरात लागला, तर लगेच दाखवा आणि "डोळ्यांची तपासणी अमुक तारखेला झाली होती" हे आपणहून सांगा. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच डोळ्यातून दाट पू येत असेल तर ते बहुधा विषाणूचं नसून जिवाणूचं असतं, आणि त्यात काही तासांचा उशीरही डोळ्याला महागात पडू शकतो.

त्या आजीला मी यातलं थोडंफार सांगितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा ती दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, आधीच्या बाळाला लावलेलं तेच आमच्या बाळाला लावणार का?" डॉक्टर तरुण होते. क्षणभर थांबले, मग म्हणाले, "नाही आजी, बदलतो." आत जाऊन त्यांनी सिस्टरकडे नवे हातमोजे मागितले. पुढची तपासणी दोन आठवड्यांनी होती. आजीने तारीख पदराच्या गाठीत बांधलेल्या चिठ्ठीवर लिहून घेतली.